कलामुद्रणाच्या कागदाचे आयुष्य

पंधराव्या शतकात युरोपात छापलेल्या अनेक ग्रंथांची पाने आजही न तुटता उलटता येतात. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे वृत्तपत्र हात लावताच फाटते. या भेदाचे कारण कागदाच्या वयात नसून त्याच्या घडणीत आहे.

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे जाळे होय. तंतूंचा मुख्य घटक सेल्युलोज असून त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. आम्लाच्या सान्निध्यात ओलावा या साखळ्यांचे दुवे तोडतो. या क्रियेस जलीय विच्छेदन म्हणतात. आम्ल तीत खर्ची पडत नाही. शिवाय सेल्युलोजच्या क्षयातून नवी आम्ले निर्माण होतात. म्हणून ऱ्हासाचा वेग उत्तरोत्तर वाढतो. उष्ण व दमट हवेत तो अधिकच असतो.

हे आम्ल येते कोठून? शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ देतात. युरोपात पूर्वी ती प्राणिज सरसाची असे. 1807 साली जर्मनीतील मोरिट्झ इलिग याने राळ व तुरटी लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. ती सोयीची ठरली, पण तिच्यामुळे कागदात आम्लता शिरली. पुढे दळलेल्या लाकडाचा लगदा प्रचारात आला. त्यातील लिग्निनमुळे कागद उजेडात पिवळा पडू लागला. अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी 1900 ते 1949 या काळातील 500 पुस्तकांचा कागद तपासला. त्यांपैकी 97 टक्के पुस्तकांचा कागद 50 वर्षांहून अधिक टिकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष 1959 साली प्रसिद्ध झाला.

यास्तव एचिंग वा शिलामुद्रण यांसाठी कागद निवडताना केवळ जाडी व शुभ्रता पाहून भागत नाही. कापसाच्या तंतूंत लिग्निन जवळजवळ नसते. तथापि आम्लयुक्त खळ दिल्यास कापसाचा कागदही ठिसूळ होतो. खळ आम्लरहित हवी आणि लगद्यात कॅल्शियम कार्बोनेट हवे; ते पुढे उद्भवणाऱ्या आम्लाचे उदासिनीकरण करते. 1994 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्थायी कागदात किमान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटाइतका अल्कधर्मी साठा असावा लागतो. शुभ्रतेसाठी घातलेली चकाकद्रव्ये मात्र प्रकाशाने निष्प्रभ होतात व कागदाची छटा बदलते.

उत्तम कागदही आम्लयुक्त पुठ्ठ्यावर चिकटविला, तर पुठ्ठ्यातील आम्ल त्यात उतरते. काजळीची शाई शतकानुशतके काळी राहते. परंतु तिला धरून ठेवणारा कागदच झडला, तर चित्रही त्याबरोबर नाहीसे होते.