कुंडीतील महाळुंग

आमच्या जुन्या वाड्याच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले एक महाळुंगाचे झाड होते. ते आमच्या आजीने लाविले, असे वडील सांगत. फळ नारळाएवढे, साल जाड व खडबडीत, आणि रस म्हणाल तर चमचाभर. बाजारात त्यास कोणी विचारले नसते; परंतु नवरात्रात देवीपुढे ठेवावयास आणि सालीचा मुरंबा घालावयास आळीतील सात-आठ घरची माणसे आमच्याकडे येत. २०१४ साली वाडा पाडून तेथे इमारत बांधण्याचे ठरले. भाऊबंदांपैकी प्रत्येकास सदनिका मिळाली. झाडास मात्र कोणाच्याही करारपत्रात जागा नव्हती. आमच्या वाट्यास तिसऱ्या मजल्यावरील पूर्वाभिमुख गॅलरी आली. त्या गॅलरीत आजीचे झाड पुन्हा उभे करताना आम्ही ज्या चुका केल्या व जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे लिहीत आहोत.

प्रथम या फळाची योग्यता सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांस आज त्याचे नावही ठाऊक नसते. महाळुंग म्हणजे संस्कृतातील मातुलुंग किंवा बीजपूर. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हाती जे फळ आहे, ते हेच. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी एक परिचारिका उपवनात येते, ती बीजपूरक नेण्यासाठीच. चरकसंहितेत याचे केसर, म्हणजे आतील रसाळ गर, पचनास हलके व बाकीचा भाग जड म्हटला आहे. अर्वाचीन शास्त्राने तर त्याचा मान आणखी वाढविला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असे दाखविले की, लिंबूवर्गाचे मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात असून, आपण खातो त्या बहुतेक फळांच्या कुळात महाळुंग, पपनस व संत्रे हे तीन मूळपुरुष आढळतात. आपण रोज वरणभातावर पिळतो ते कागदी लिंबूदेखील महाळुंगाचेच अपत्य होय. नातवंडे घरोघर नांदत आहेत आणि आजोबांस मात्र कोणी ओळखत नाही, अशी ही स्थिती आहे.

कुंडीत अशी झाडे वाढविणे हे काही नवे खूळ नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात केवळ नारंगीच्या झाडांकरिता एक प्रचंड दालन बांधविले. हिवाळ्यात झाडे लाकडी पेट्यांसह आत न्यावयाची व उन्हाळ्यात बाहेर मांडावयाची, असा तेथील क्रम. आपल्याकडे थंडीचे ते भय नाही. आपल्या झाडांचा शत्रू निराळाच आहे, आणि तो बहुधा घरातच असतो.

तो कोणता, हे आमच्याच उदाहरणावरून सांगतो. वाडा पडण्यापूर्वी त्या झाडाच्या दोन गुट्या बांधल्या. मुळ्या फुटल्यावर एक आम्ही ठेविली व दुसरी वाईस असलेल्या धाकट्या भगिनीस दिली. आमच्या रोपासाठी सुरेख चिनी मातीची कुंडी आणली, नदीकाठची काळीभोर माती भरली आणि सकाळ-संध्याकाळ नेमाने पाणी घातले. दोन महिन्यांत पाने पिवळी पडली. झाड तहानले असे समजून आम्ही पाणी वाढविले. पाने गळू लागली, तेव्हा आणखी वाढविले. शेवटी रोप हातानेच उपटून आले. मुळ्या काळ्या पडून कुजल्या होत्या आणि त्यांस दुर्गंधी येत होती. तोपर्यंत परसातील मूळ झाडावर कुऱ्हाड पडली होती. आजीच्या झाडाचा सारा वंश आता वाईच्या त्या एका कुंडीवर येऊन ठेपला. भीतभीतच भगिनीस विचारले. ती म्हणाली, “अरे दादा, माझं झाड छान आहे. तू त्याला शाळेत घातलंस, मी त्याला नुसतं राहू दिलं.” चाळीस वर्षे मुलांस शिकविल्यावर हा धडा आम्हांस असा मिळाला. २०१७ च्या पावसाळ्यात तिच्याकडून नवी गुटी आणली, तीच आज आमच्या गॅलरीत पाच फूट उंच उभी आहे.

आता प्रत्यक्ष कृती. कुंडी मातीची, पंधरा ते अठरा इंच तोंडाची घ्यावी. बुडाशी भोके अवश्य असावीत व त्यांवर खापऱ्या उपड्या ठेवाव्यात. निव्वळ काळी माती कटाक्षाने टाळावी, कारण ती भिजली की चिखल होते आणि वाळली की दगड. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण करून त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्या परत न्यावा. पाणी घालावयाचे तेव्हा मात्र बुडातून वाहीपर्यंत घालावे, आणि खालच्या ताटलीत साचलेले ओतून द्यावे. ऊन रोज निदान पाच-सहा तास हवे. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर झाडास लोह वा जस्त मिळत नाही असे समजावे; कूपनलिकेच्या जड पाण्याने असे वारंवार होते.

फळधारणेची गुरुकिल्ली आपल्या बागाईतदारांस पूर्वीपासून ठाऊक आहे. ते बहार धरण्यापूर्वी झाडास ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. कुंडीतील माती लवकर सुकते, म्हणून येथे ताण बेतानेच द्यावा. थंडीच्या अखेरीस पाणी कमी करीत जावे आणि पाने किंचित मलूल दिसताच पुन्हा सुरू करावे; थोड्याच दिवसांत फूल दिसू लागते. पहिल्या वर्षी फळे खुडून टाकावीत. पुढेही लहान झाडावर महाळुंगाची दोनतीनच राखावीत, नाहीतर फांदी मोडते. पानांवर नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पाने काढून निंबोळी अर्क फवारावा. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा सुरवंट मात्र एका देखण्या फुलपाखराचे बालपण असते. आमच्या नातीच्या आग्रहाने त्याच्यासाठी एक कागदी लिंबाची कुंडी वेगळी राखून ठेविली आहे.

रोप बियांपासून करावे की कसे, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. कागदी लिंबाच्या वा संत्र्याच्या एकाच बीतून कधी कधी दोनतीन अंकुर निघतात व त्यांतील बहुतेक आईची हुबेहूब प्रतिकृती असतात. लेव्हेनहूक या डच शास्त्रज्ञाने १७१९ साली संत्र्याच्या बीत हा चमत्कार प्रथम पाहिला. महाळुंग व पपनस यांच्या बीत मात्र एकच गर्भ, तोही परागसंयोगाने झालेला. म्हणून रोप आईसारखेच निपजेल अशी हमी नाही, शिवाय फळास पुष्कळ वर्षे लागतात. तेव्हा गुटीच उत्तम. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची एक इंच साल वर्तुळाकार काढावी, ओले शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधावा. दीड-दोन महिन्यांत पांढऱ्या मुळ्या दिसल्या की खालून कापून कुंडीत लावावे व काही दिवस सावलीत ठेवावे. कलम विकत घेणे असेल, तर विश्वासू रोपवाटिकेतून घ्यावे आणि डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारी खुंटाची फूट वेळोवेळी खुडावी. नाहीतर महाळुंग जाऊन जंबेरीच वाढते.

ज्यांस लहान झाड हवे, त्यांनी चिमुकले, सालीसकट खावयाचे कुमक्वाट लावावे. किंवा आसामचे लांबट, सुवासिक काजी नेमू, जे वर्षभर फळते. पपनस मात्र परसातच शोभते.

वाचकांपाशी शेवटी एवढीच विनंती. जुनी घरे पडत आहेत व त्यांच्या परसांतील ईडलिंबू, पपनस, महाळुंग यांची झाडे त्यांच्याबरोबर जात आहेत. ती कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत सापडतीलच असे नाही. आपल्या किंवा आप्तांच्या परसात असे झाड असेल, तर करारपत्रावर सही करण्यापूर्वी, म्हणजे येत्या पावसाळ्यातच, त्याच्या दोन गुट्या बांधा. आणि एक स्वतःकडे ठेविलीत, तर दुसरी अवश्य बहिणीस द्या.