मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता

समजा, पलूसच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला काम करता करता फीट आली. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, आणि संध्याकाळपर्यंत देवऋषीचे नाव निघते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे शोभत नाही. तरुणपणी पहिल्यांदाच आलेल्या फीटमागे कधी कधी मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात.

धमनीतून जोरात आलेले रक्त केसाहून बारीक वाहिन्यांत शिरते, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते शिरेत जाते. काहींच्या मेंदूत एखाद्या जागी ह्या मधल्या वाहिन्याच नसतात. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी सरळ ठिबकच्या पातळ नळीत सोडावे, तशी ती शीर फुगते व एखाद्या दिवशी फुटते. शंभर रुग्णांत वर्षाला साधारण दोन ते चार जणांना असा रक्तस्राव होतो. हा दोष बहुधा जन्मापासूनचा असतो. आईने ग्रहणात विळी हाती धरली म्हणून तो होत नाही, हे सासूबाईंनाही सांगावे!

लिस्बनच्या डॉ. एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे चित्र घेतले. त्याच वाटेने आज उपचार होतात. मांडीच्या धमनीतून बारीक नळी पडद्यावर पाहत मेंदूपर्यंत नेतात आणि गुंत्यात वैद्यकीय डिंक सोडून तो बंद करतात. कवटी उघडावी लागत नाही. गुंता मोठा असेल तर दोन-तीन वेळा हे करावे लागते, कधी जोडीला शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात. नळीच्या उपचारातही रक्तस्रावाचा, लकव्याचा धोका असतो. न फुटलेल्या गुंत्यांबाबत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या काही वर्षांत, गुंत्याला हात न लावता नुसती औषधे दिलेले रुग्णच अधिक सुखरूप राहिले. म्हणून "हे बंद केलेच पाहिजे का?" असे डॉक्टरांना बेधडक विचारा. एकदा फुटलेल्या गुंत्याची गोष्ट वेगळी.

फीट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. डोके अचानक असह्य दुखले, उलटी झाली, शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करून सांगली-मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे सीटी स्कॅन होतो. नळीच्या उपचारासाठी पुण्या-मुंबईला पाठवले, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार व ते रुग्णालय बसते का, हे निघण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि स्कॅनच्या सगळ्या फिल्म सोबत न्या.