रंगांत उमटणारा ताण

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले; परंतु त्याच्या काही उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो, मुख्यतः त्या पातळीच्या आसपासच या भेगा आढळल्या. असे का व्हावे?

भार पेलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या अंतर्भागात ताण निर्माण होतो. कोपरा, खाच किंवा छिद्र आले की त्याच्या कडेशी तो एकवटतो. हा ताण एरवी अदृश्य असतो. परंतु ध्रुवित प्रकाश तो दाखवू शकतो.

सामान्य प्रकाशाची कंपने किरणाभोवती सर्व दिशांनी होतात. ध्रुवक पट्टिकेतून बाहेर पडलेल्या प्रकाशाची मात्र एकाच दिशेने. दुसरी पट्टिका पहिलीशी काटकोनात धरली की अंधार होतो. आता दोहोंमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून दाबला, तर त्यात प्रकाशाचे दोन घटक होतात. त्यांपैकी एक मागे पडतो आणि अंधारात रंगीत पट्टे उमटतात. पट्टे दाटीने येतात तेथे ताण झपाट्याने बदलत असतो. त्यांच्या क्रमांकावरून प्रत्येक ठिकाणच्या दोन मुख्य ताणांमधील फरक मोजता येतो.

काचेचा हा गुणधर्म ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास दाखविला. मॅक्सवेल यांनी तरुणपणी जेलाटिनवर असे प्रयोग केले. कोकर व फायलॉन यांच्या १९३१ च्या ग्रंथाने या शास्त्राला भक्कम बैठक मिळाली.

प्लॅस्टिकवरून काँक्रीटचे अनुमान कसे करावे? स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत सपाट नमुन्यातील ताणाची वाटणी बहुधा आकार व भार यांवर ठरते, पदार्थावर नव्हे. म्हणून धरणाचा छेद, यारीचा आकडा किंवा दातेरी चाक यांचा लहान नमुना पुरतो. भूकंपाच्या हादऱ्यांसाठी वेगळे गणित लागते. तथापि ताण कोठे एकवटेल, हे नमुन्यावर आधीच दिसते. आज हे काम बहुतांशी संगणक करतो. पण त्याचे उत्तर पडताळण्यास आणि काचेतील ताण तपासण्यास ही पद्धत अद्याप उपयोगी पडते.

कोयनेच्या त्या खंडांना पुढे काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणण्यात आली.

वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडावे, त्यापुढे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरावी आणि ध्रुवक काचांच्या चष्म्यातून पाहावे. चष्मा फिरवीत गेल्यास पडदा काळा होईल आणि पट्टीत रंग उमटतील. पट्टी किंचित वाकवताच ते रंग सरकतील.