ब्लाउजपीस कुठं थांबतं?

नवरात्रातल्या ओट्या उरकून दिवाळी तोंडावर येते, तेव्हा मराठी घरातल्या कपाटाचा एक कप्पा ब्लाउजपिसांनी भरलेला असतो. हातभर कापड, घडीवर सोनेरी चिठ्ठी आणि रंग बहुधा आपल्या कुठल्याच साडीला न जाणारा. तो तुकडा शिवायचा नसतोच, पुढच्या सवाष्णीच्या ओटीत घालायचा असतो. तीही तेच करते. एकच पीस खारघरच्या घरकुल वसाहतीतून निघून स्पॅगेटी वसाहतीत, तिथून बेलापूरला, पुढं साताऱ्याला जाऊन मूळ मालकिणीच्याच ओटीत येऊन पडल्याच्या कहाण्या सगळ्यांनी ऐकल्यात आणि त्या खोट्याही वाटत नाहीत. संक्रांतीच्या वाणाचं तेच, दिवाळीतल्या सोनपापडीच्या डब्याचंही तेच. आपली सणावारची देवघेव बरीचशी अशी फिरतीवर चालते. हा फेरा अडवणाऱ्या मला एकच दिसतात, गोधडी शिवणाऱ्या बायका. त्यांच्या हाती लागलेलं पीस पुन्हा कुणाच्या ओटीत जात नाही.

खारघर हे काही गोधड्यांचं गाव नव्हे. नवी मुंबईत सिडकोनं आखलेलं हे उपनगर. कोपरा, मुर्बी, बेलपाडा अशी मूळ गावं सोडली तर इथला जो तो कुठून तरी आलेला. पण म्हणूनच एका इमारतीत चार तऱ्हा भेटतात. कोल्हापूर-सांगलीकडच्यांची वाकळ, मराठवाड्यातल्यांची गोधडी, बंगाली शेजारणीचा कांथा, बिहारी घरातली सुजनी. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेचं मुंबई केंद्र खरं तर खारघरात आहे, पुढच्याच स्टेशनाला बेलापूरचं अर्बन हाट आहे आणि मोबाइलवर बघून पट्ट्या कापायला शिकलेल्या नोकरदार बायका तर सगळीकडेच आहेत. यांच्यात दिवाळीला काय द्यायचं आणि काय घ्यायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याची मुळं जुन्या गोधडीच्या व्यवहारात आहेत.

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर सुती कापड. त्याची चौपदरी घडी घातली की माणसाच्या उंचीचा ऐवज हाती येतो. रुंदीला कमी पडलं तर दुसरं लुगडं जोडायचं. वर इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, परकराच्या पट्ट्या. धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनात आत आत सरकतो, त्यामुळं चौघी चार बाजूंनी बसून एकाच वेळी शिवू शकतात. सुगी सरल्यावर उन्हाळ्याच्या दुपारी हे काम चाले. कापड घरचं आणि हात शेजारणीचे. आज माझ्या गोधडीला तू, उद्या तुझ्या गोधडीला मी. त्यात भेट असलीच तर ती त्या दुपारची होती, गोधडी कुणी कुणाला ‘प्रेझेंट’ देत नसे.

अपवाद तान्ह्या बाळाचा. बाळंतविड्यात झबली, टोपरी, कुंची यांच्याबरोबर दुपटी येत आणि त्यांतलं खरं मोलाचं दुपटं आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं असे. कोऱ्या कापडाची खळ तान्ह्याला बोचते, हे कारण तर आहेच. शिवाय जुनं कापड बाळाला राखतं, अशी समजूतही आहे. बिहारमधल्या सुजनीमागेही चितिरिया माँ ही चिंध्यांची देवी उभी असते. रुखवतात मात्र जुन्या कापडाला सहसा जागा नसे. तिथं क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, सगळं कोरं करकरीत.

म्हणजे जुन्या कापडाच्या वाटा ठरलेल्या होत्या. रक्ताच्या नात्यात मायेनं, दारी आलेल्याला दान म्हणून, नाहीतर भांड्याच्या बदल्यात बोहारणीच्या बोचक्यात. मैत्रिणीला जुन्या साडीची गोधडी द्यायची तर ती यातल्या कुठल्या खान्यात बसवायची? देणारीच्या मनात माया असते, घेणारीच्या घरी कुणीतरी सहज विचारतं, ‘वापरलेल्या कपड्यांची आहे का?’ तिथंच सगळं फिसकटतं. ब्लाउजपिसानं ही अडचण सोडवली. ते फुकटातलं असलं तरी कोरं, ओटीतलं म्हणून शुभ आणि घरात वर्षानुवर्षं साठलेलं. खारघरच्या हौशी बायकांनी त्याच ढिगाला हात घातला, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत हुशारीचं पाऊल वाटतं. टू-बाय-टू सुती पीस असेल तर सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. चकचकीत पॉलिएस्टर मात्र घसरतं आणि अंगावर घेतलं की घाम फोडतं.

आता गेलेल्या माणसाच्या कपड्यांतून शिवलेल्या आठवणींच्या गोधडीबद्दल, कारण दिवाळीआधी सर्वाधिक विनवण्या तिच्यासाठी होतात. आई गेल्यावर पैठणी कुणी घ्यायची, यावरून बहिणी-भावजयांत अबोला धरला जातो. रोजच्या सुती साड्यांकडे कुणी पाहत नाही. पण त्याच सहा-सात साड्या कापून प्रत्येकीत सगळ्यांचे तुकडे येतील अशा तीन गोधड्या केल्या, तर वाटणीचा प्रश्न उरत नाही. काम नाजूक असतं. साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग खडूनं खूण करून बाजूला काढावा लागतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात टाक्याशी कापड फाटतं. कमरेला खोचलेला भाग आणि खालची कड हमखास गेलेली असते. मधला भाग बहुधा शाबूत असतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंना मुलीनं बजावलं होतं, ‘हळदीचा डाग आहे तो काढू नका, वरच्या बाजूला घ्या.’ बाईंनी तो कोपऱ्यात लावला. पुसण्याच्या सवयीनं आईचा हात जिथं लागे, तोच तो पदर. काही घरांत मात्र गेलेल्या माणसाच्या कपड्याला कात्री लावणंच पटत नाही. अशा वेळी आग्रह करू नये.

कापडात माणसं गुंतवायची ही रीत सगळीकडे आहे. अमेरिकेत 1840च्या दशकात ‘अल्बम’ गोधड्यांची लाट होती. पश्चिमेकडे निघालेल्या शेजारणीला प्रत्येकीनं एकेक चौकोन शिवून, त्यावर शाईनं सही करून द्यायचा. गावी परतणं अवघड, म्हणून नावंच बरोबर द्यायची. आपल्या शेजारी कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंद’ शिवतात. तिच्या चारी कोपऱ्यांत घडी घातलेली कापडाची त्रिकोणी फुलं लागल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. नातवंडांसाठी शिवलेल्या या कवंदी 2004मध्ये त्यांची सहकारी संस्था झाल्यावर बाहेरही विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या गोधडीवर गीता खंडेलवाल यांचं पुस्तक 2013मध्ये निघालं, तेही फ्रान्समधून. आपल्या माळ्यावरची वस्तू आपल्याला बाहेरून दाखवावी लागते, याची मला थोडी चीड येते.

माळ्याचा विषय निघालाच आहे. गोधडी भेट मिळाल्यावर मराठी माणूस आधी म्हणतो, ‘अगं, कशाला एवढं!’ मग विचारतो, ‘केवढ्याला पडली?’ आणि मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवतो. म्हणे, वापरून खराब होईल. शिवणारीला याहून मोठं दुःख नाही. पण दोष एकट्या घेणाऱ्याचा नसतो. पांढऱ्याशुभ्र अस्तराची डबलबेडची गोधडी खारघरच्या वन-बीएचकेत धुणार कुठं आणि वाळवणार कुठं? गावाकडं घट बसायच्या आधी सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे, तिथं खडकावर ऊन असतं. इथं पावसाळ्याचे चार महिने डोंगराच्या कुशीत साधा टॉवेल वाळत नाही. चौपदरी सुती गोधडी मशिनमध्ये भिजली की ड्रम रडायला लागतो. पांघरुणाची गरज थंडीपेक्षा एसीमुळं पडते, तेव्हा दोन पदरांची, एका माणसापुरती, मळखाऊ रंगाची गोधडी द्यावी. हातशिलाईचा हट्टही सगळीकडे धरू नये. लहान मुलाच्या वापराला मशिनची शिवण जास्त टिकते.

गोधडीवाल्यांनी एकमेकींना काय द्यावं, तेही सांगून टाकतो. तयार वस्तू नको. दुसरीच्या हातचा टाका कितीही सुबक असला तरी नजर आधी चुकीवर जाते. रोटरी कटरचं पातं, पक्क्या सुती दोऱ्याची रिळं, मोठ्या डोळ्याच्या सुया, हे सगळं चालतं. कात्री हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात. ती टेबलावर ठेवायची आणि समोरचीनं उचलायची. सर्वांत आवडती भेट म्हणजे तुकड्यांची पिशवी, एखादा जुना खण किंवा इरकलीचा काठ निघेल अशी.

गोधडी मिळालेल्या घरानं परतफेड काय करायची, याचं उत्तरही त्यातच आहे. शेजारच्या घरचा डबा आपण रिकामा पाठवत नाही. तसं गोधडी देणारीकडे पुढच्या दिवाळीला मिठाईऐवजी जुन्या सुती साड्या, चादरी, धोतरं स्वच्छ धुऊन, पिशवीत घालून न्यावीत. ती पिशवी उघडून बाई प्रत्येक कापड चिमटीत धरून चोळून पाहतील आणि सूत किती, भेसळ किती ते क्षणात सांगतील. पिशवीत कुणी लेगिंग्ज आणि जिमचे टीशर्ट कोंबले असतील, तर मात्र त्या घराला गोधडी पुन्हा मिळेल या भ्रमात राहू नये.