शासकीय आस्थापनांतील संघटनाकार्य आणि सार्वजनिक निधी : अमेरिकेतील ‘ऑफिशियल टाइम’ व्यवस्थेचा चिकित्सक आढावा

१. प्रास्ताविक

शासकीय कर्मचारी कार्यालयीन वेळेत आपल्या संघटनेचे काम करीत असेल, तर त्या वेळेचे वेतन कोणी द्यावयाचे? संघटनेने, त्या कर्मचाऱ्याने की करदात्यांनी? खाजगी उद्योगात हा प्रश्न मालक आणि कामगार यांच्यापुरता मर्यादित राहतो. शासन हेच जेथे मालक असते, तेथे मात्र वेतन सार्वजनिक तिजोरीतून जात असल्याने त्याला राज्यशास्त्रीय व घटनात्मक परिमाण प्राप्त होते. अमेरिकेच्या संघीय शासनात अशा सवेतन वेळेला ‘ऑफिशियल टाइम’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत ही व्यवस्था तीव्र वादाचा विषय झाली आहे. तिचा कायदेशीर पाया, तिच्यावर होणारा खर्च आणि तिच्यासंबंधीचे न्यायालयीन निर्णय यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

संघीय कर्मचाऱ्यांना संघटना स्थापन करण्याचा हक्क १९१२ च्या लॉइड-ला फॉलेट कायद्याने मान्य केला. तथापि, सामूहिक वाटाघाटींना अधिकृत स्थान मिळाले ते राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी जानेवारी १९६२ मध्ये काढलेल्या कार्यकारी आदेशाने. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्याऐवजी नवा आदेश काढला. त्यानुसार वाटाघाटींसाठी संघटनेच्या प्रतिनिधींना सवेतन वेळ देण्यास प्रारंभी मनाई होती. १९७१ च्या दुरुस्तीने ४० तासांपर्यंत किंवा वाटाघाटींच्या एकूण वेळेच्या निम्म्यापर्यंत वेळ देण्याची मुभा मिळाली. पुढे १९७८ च्या नागरी सेवा सुधारणा कायद्याने ही व्यवस्था आदेशाच्या पातळीवरून कायद्याच्या पातळीवर आणली.

३. कायद्यातील तरतुदी

१९७८ च्या कायद्याने संघटनेच्या कामाची ढोबळमानाने तीन भागांत विभागणी केली आहे. पहिला भाग करारासाठीच्या वाटाघाटींचा. त्यात संघटनेतर्फे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना सवेतन वेळ देणे बंधनकारक आहे. दुसरा भाग संघटनेच्या अंतर्गत कामकाजाचा. सभासद नोंदणी, पदाधिकाऱ्यांची निवडणूक, वर्गणीची वसुली ही कामे कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेबाहेरच करावयाची आहेत. त्यासाठी शासन वेतन देत नाही. तिसरा भाग तक्रार निवारण व इतर प्रातिनिधिक कामांचा. त्यासाठी किती वेळ द्यावा हे खाते व संघटना यांनी परस्परसंमतीने ठरवावयाचे असते. मात्र तो वेळ वाजवी, आवश्यक आणि सार्वजनिक हिताचा असला पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. आजवरचा बहुतेक वाद या तिसऱ्या भागाभोवती फिरतो, कारण ‘वाजवी’ या शब्दाचे माप कायद्याने दिलेले नाही.

न्यायालयानेही या तरतुदींचा अर्थ मर्यादेतच लावला आहे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वाटाघाटींसाठी सवेतन वेळ देणे शासनावर बंधनकारक असले, तरी संघटनेच्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च व दैनिक भत्ता देणे कायद्याने बंधनकारक केलेले नाही.

४. सवेतन वेळेमागील भूमिका

शासनाने हा भार का उचलावा, याचे उत्तर कायद्याच्या इतर कलमांत सापडते. ज्या संघटनेला बहुमताने मान्यता मिळते, ती त्या विभागातील सर्व कर्मचाऱ्यांची एकमेव प्रतिनिधी ठरते. कर्मचारी सभासद असो वा नसो, त्याचे प्रतिनिधित्व भेदभाव न करता करणे हे तिचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याच वेळी सभासद होण्याची किंवा न होण्याची मोकळीक प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे आणि संघीय सेवेत असभासदांकडून सक्तीने शुल्क घेता येत नाही. म्हणजे ज्याने एक डॉलरही वर्गणी भरलेली नाही, त्याच्या वतीनेही संघटनेला उभे राहावे लागते.

याशिवाय संघीय कर्मचाऱ्यांना संपाचा अधिकार नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ११,००० हून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. बहुसंख्य कर्मचाऱ्यांचे वेतनमानही वाटाघाटींनी नव्हे, तर कायद्याने ठरते. म्हणून संघटनेच्या हाती उरतात ते कामाच्या पाळ्या, शिस्तभंगाची कारवाई, सुरक्षितता, बदल्यांची कार्यपद्धती यांसारखे विषय. संपाचे हत्यार नाही, सक्तीची वर्गणी नाही, पण सर्वांच्या प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मात्र आहे. या विषम स्थितीची भरपाई म्हणून सवेतन वेळेकडे पाहिले जाते.

५. खर्च आणि मोजमाप

संघीय मनुष्यबळ कार्यालयाच्या अहवालानुसार २०१६ या आर्थिक वर्षात सुमारे ३६ लाख तास या कामासाठी वापरले गेले आणि त्यावर सुमारे १७.७ कोटी डॉलर खर्च झाला. प्रतिनिधित्वाच्या कक्षेतील दर कर्मचाऱ्यामागे हे प्रमाण वर्षाला सुमारे तीन तास पडते. २०१९ मध्ये एकूण तास सुमारे २६ लाखांपर्यंत उतरले.

सरासरी तीन तास हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु सरासरीत वस्तुस्थितीची एक बाजू झाकली जाते. हे तास सर्व कर्मचाऱ्यांत सारखे विभागलेले नसतात. काही कर्मचारी मूळ पदाचे काम न करता पूर्ण वेळ संघटनेचेच काम करतात. एखाद्या रुग्णालयातील परिचारिका अशा रीतीने पूर्ण वेळ बाहेर असेल, तर रुग्णांच्या दृष्टीने ते पद रिक्तच असते. टीकाकारांचा हा आक्षेप डावलण्यासारखा नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. अमेरिकी संसदेच्या लेखा व मूल्यमापन यंत्रणेने २०१७ च्या अहवालात माजी सैनिक कल्याण खात्यातील नोंदी पुरेशा विश्वासार्ह नसल्याचे नमूद केले. वेगवेगळ्या केंद्रांवर वेगवेगळ्या पद्धतीने नोंद ठेवली जात असल्याने खात्याचा एकूण आकडाच निर्विवाद राहिला नव्हता. शिवाय जे मोजले जाते ते तास आणि वेतन. किती तक्रारी प्राथमिक पातळीवर मिटल्या, किती प्रकरणे लवादाकडे वा न्यायालयात जाण्यापासून वाचली, याचा हिशेब त्या आकड्यांत नसतो. खर्चाची एकच बाजू लिहिलेल्या वहीवरून नफातोटा सांगता येत नाही.

६. राजकीय व न्यायालयीन संघर्ष

मे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कार्यकारी आदेशाद्वारे या वेळेवर मर्यादा घातल्या. कोणत्याही कर्मचाऱ्याने सवेतन वेळेच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक वेळ संघटनेच्या कामाला देऊ नये आणि विभागातील दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला एक तास हे प्रमाण धरावे, असे त्याचे स्वरूप होते. त्या आदेशात या वेळेला ‘करदात्यांच्या पैशाने चालणारा संघटना-वेळ’ असे नाव दिले गेले. नाव बदलताच प्रश्नाची मांडणीही बदलली : प्रतिनिधित्वाचे साधन ही ओळख मागे पडून अनुदान ही ओळख पुढे आली. ऑगस्ट २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने महत्त्वाच्या तरतुदी रद्द केल्या; जुलै २०१९ मध्ये अपील न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो निर्णय फिरविला. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी आदेशच मागे घेतला.

मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अधिक मूलगामी पाऊल उचलले. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन अनेक खाती या कायद्याच्या कक्षेतूनच वगळण्यात आली. त्यावर अनेक दावे दाखल झाले. २०१८ चा आदेश वेळेपुरता मर्यादित होता. २०२५ च्या आदेशाने वेळ, वाटाघाटी आणि प्रतिनिधित्व या तिन्हींवर एकदमच घाला घातला.

राज्यांच्या पातळीवर अ‍ॅरिझोनाचे उदाहरण बोलके आहे. त्या राज्याच्या घटनेनुसार सार्वजनिक संस्थांना खाजगी संस्थांस देणगी देता येत नाही. २०१६ मध्ये फिनिक्स शहरातील पोलिसांच्या संघटनेला दिलेली सवेतन वेळ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी वैध ठरविली. २०२४ मध्ये त्याच शहराच्या दुसऱ्या एका कर्मचारी संघटनेसंबंधी मात्र त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला. शहराने दिलेल्या वेळेच्या बदल्यात शहराला पुरेसा मोबदला मिळत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. संघटनेच्या कामाचे शहराच्या दृष्टीने मूल्य किती, हाच अखेर निर्णायक प्रश्न ठरला.

७. भारतीय व्यवस्थेशी तुलना

भारतात केंद्र शासनाच्या मान्यताप्राप्त सेवा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसाठी कॅलेंडर वर्षात कमाल २० दिवसांच्या विशेष नैमित्तिक रजेची तरतूद आहे. म्हणजे येथेही संघटनाकार्यासाठी सार्वजनिक निधी वापरला जातो. फरक इतकाच की त्याची कमाल मर्यादा आधीच ठरलेली असते. शिवाय १९९३ च्या मान्यता नियमांनुसार एकाच संवर्गात एकाहून अधिक संघटनांना मान्यता मिळू शकते. त्यामुळे ‘एकमेव प्रतिनिधी’ आणि त्यातून येणारे असभासदांविषयीचे कर्तव्य अमेरिकी स्वरूपात येथे आढळत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सवेतन संघटना-वेळ हे केवळ अनुदान नाही आणि निरपवाद हक्कही नाही. तो एका विनिमयाचा भाग आहे. शासनाने संघटनेवर सर्वांच्या प्रतिनिधित्वाचे कर्तव्य टाकले, संपाचा व सक्तीच्या शुल्काचा मार्ग बंद ठेवला आणि बदल्यात वेळ दिला. वेळ काढून घेऊन कर्तव्य कायम ठेवणे जसे अन्यायाचे, तसेच हिशेब न देता वेळ मागत राहणेही अन्यायाचेच. कोणत्या कामासाठी किती तास लागले आणि त्यातून कोणते वाद मिटले, याची एकसारखी व जाहीर नोंद ठेवणे हाच यातील व्यवहार्य मार्ग होय. अशी नोंद नसेल, तर ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ दर निवडणुकीनंतर बदलत राहील आणि त्याची किंमत ज्याला शिस्तभंगाच्या चौकशीत सोबतीला प्रतिनिधी हवा असतो, त्या सामान्य कर्मचाऱ्याला मोजावी लागेल.