दुपारी बंद पडणारा कॉम्प्रेसर

पूर्ण बिघडलेला एसी दुरुस्त करायला तसा सोपा. मेकॅनिक येतो, जळालेला भाग शोधतो, बदलतो, पैसे घेऊन जातो. खरी परीक्षा बघतो तो अधूनमधून बंद पडणारा एसी. दुपारी साडेतीनला थंड हवा थांबते. घरातले फोनावर फोन करतात. मेकॅनिक संध्याकाळी उगवतो, बटण दाबतो आणि एसी निमूटपणे सुरू होतो. मग ‘गॅस कमी असेल’ म्हणून गॅस भरला जातो, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा तेच.

उन्हाळी अंकासाठी एसी दुरुस्तीच्या धंद्यावर लेख हवा होता. संपादकांच्या डोक्यात हंगामाची धावपळ होती, वाढलेले दर होते. मी मात्र पुण्यातल्या एका जुन्या मेकॅनिकच्या मागे फिरायला लागले आणि एका छोट्याशा चकतीपाशी अडकले.

चकतीकडे जाण्याआधी यंत्राची थोडी ओळख. उष्णता थंड जागेतून उचलून गरम जागी नेऊन टाकायची, हे त्याचं काम. बाष्प दाबून थंडावा निर्माण करण्याचं पेटंट जेकब पर्किन्सने 1834 मध्ये घेतलं. हेच यंत्र घर तापवायलाही वापरता येईल, हा विचार लॉर्ड केल्विनने 1852 मध्ये मांडला. झुरिकच्या नगरपालिकेची इमारत 1938 पासून लिमात नदीच्या पाण्यातली उष्णता खेचून उबदार ठेवली जाऊ लागली. युरोपातल्या घराघरांत आज जो हीट पंप बसतो आणि आपल्याकडे ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून जो एसी विकतात, त्यांचं तत्त्व एकच. साध्या एसीपेक्षा उलट्या दिशेने गॅस फिरवणारा एक व्हॉल्व्ह तेवढा जास्त.

पूर्वी कॉम्प्रेसर वेगळा असे, मोटर वेगळी आणि दोघांमध्ये पट्टा. मग दोन्ही एकाच पोलादी डब्यात घालून डबा वेल्डिंगने कायमचा बंद करायची पद्धत आली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1927 मध्ये असा सीलबंद फ्रिज बाजारात आणला. आता साताऱ्याजवळच्या अतीतमध्येही सीलबंद कॉम्प्रेसर तयार होतात. या बंद डब्यामुळे गॅसची गळती कमी झाली, आवाज कमी झाला आणि यंत्र वर्षानुवर्षं टिकायला लागलं. मात्र आत काय चाललंय ते बघायची सोय गेली. मेकॅनिकच्या हाती राहिल्या तीन पिना: कॉमन, रन आणि स्टार्ट. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरची सगळी तपासणी या तीन पिनांवरून. रन आणि स्टार्टमधला रेझिस्टन्स हा बाकी दोन रेझिस्टन्सच्या बेरजेइतका आला, तर वाइंडिंग शाबूत. कुठलीही पिन डब्याच्या पत्र्याशी जोडलेली दाखवली, तर कॉम्प्रेसर गेला.

आणि आता ती चकती. डब्याच्या डोक्यावर, प्लॅस्टिकच्या टोपीखाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असा एक काळा तुकडा बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला ओव्हरलोड म्हणतात. त्यात दोन धातूंचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. ठरावीक तापमानाला पोहोचली की ती चकती टक् करून उलटी वळते आणि मोटरचा वीजपुरवठा तुटतो. करंट भलताच वाढला तरी तेच. थंड झाली की पुन्हा टक्, आणि पुरवठा जोडलेला. ना फ्यूज, ना बटण, ना कुणी माणूस. लाखो घरांतले कॉम्प्रेसर या चकतीने जळण्यापासून वाचवलेत. मला तिचं फार कौतुक वाटलं.

पण अधूनमधून येणारा दोष पकडता येत नाही, तोही तिच्यामुळेच. ती मोटर वाचवते आणि त्याबरोबर पुरावाही पुसून टाकते. डबा तापलेला असेल तर चकती परत जुळायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. मेकॅनिक त्यानंतरच पोहोचतो. त्याच्यासमोर उभं असतं ते ठणठणीत यंत्र.

मी ज्यांच्याबरोबर फिरले त्यांनी आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, तेव्हा घरात एसी असणं ही श्रीमंतांची गोष्ट होती. आता साठीला आलेत. त्यांचा नियम साधा आहे: दोष दुपारी येतो ना, मग मी दुपारीच येणार. ‘आणि तो येईपर्यंत बसणार,’ हे ते घरात शिरतानाच सांगून टाकतात.

सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये असंच बसणं झालं. दीड टनाचा जुना एसी. आधीच्या एका मेकॅनिकने गॅस भरला होता, दुसऱ्याने कॅपॅसिटर बदलला होता, तिसऱ्याने ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून निकाल दिला होता. माझ्या मेकॅनिक काकांनी आधी त्या घरातल्या काकूंना प्रश्न विचारले आणि ते मला फार महत्त्वाचे वाटले. बंद पडतो तेव्हा बाहेरचा पंखा फिरत असतो का? घरातले दिवे क्षणभर मंद होतात का? किती वेळाने आपोआप सुरू होतो?

‘पंखा फिरतो हो, पण हवा गरम येते,’ काकू म्हणाल्या.

‘मग ओव्हरलोड सुटतोय,’ काका मला म्हणाले. ‘पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही थांबले असते, तर मी आधी खोलीतला सेन्सर नाहीतर पीसीबी बघितला असता. ताई, निम्मं काम इथंच झालं.’

गॅलरीतल्या आउटडोअर युनिटचं झाकण काढून त्यांनी मेन बंद केला, कॅपॅसिटर डिस्चार्ज केला आणि त्याची क्षमता मोजली. ती बरोबर होती. तिन्ही पिनांचे रेझिस्टन्सही बरोबर. मग एका तारेभोवती क्लॅम्प मीटर अडकवला, टर्मिनलवर व्होल्टेजच्या क्लिपा लावल्या आणि एसी सुरू करून स्टुलावर बसून राहिले. कॉम्प्रेसरने लगेच उचललं. 7 अँपिअर. सगळं उत्तम. तासभर काहीही घडलं नाही. या तासात ते फक्त पाइपवर हात ठेवून बघत होते आणि आउटडोअरच्या मागच्या जाळीत अडकलेली कबुतराची पिसं बोटाने उचकून दाखवत होते.

खोली गार झाली, थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर थांबवला. काही मिनिटांनी पुन्हा सुरू होण्याची वेळ आली आणि तेव्हा दोष समोर आला. घूंऽऽ असा दबका आवाज, मीटरवर 36 अँपिअर, टर्मिनलवर 178 व्होल्ट आणि काही सेकंदांत टक्. कॉम्प्रेसर गप्प. पंखा फिरतोच आहे.

बंद असताना तिथेच 224 व्होल्ट दिसत होते. म्हणजे सुरू होण्याच्या क्षणी 46 व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जात होते. काका तारेच्या मागावर निघाले. भिंतीवरच्या पट्टीचं झाकण काढलं आणि टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. एसी एका खोलीतून दुसरीत हलवताना तार अपुरी पडली म्हणून कुणीतरी दिलेला. टेप वितळून काळी पडली होती.

मग त्यांनी मला जे समजावलं त्याने मी थक्क झाले. सकाळी तो जोड गार असतो, बाहेरची हवा गार असते, कॉम्प्रेसरपुढचा दाब कमी असतो, मोटर उचलते. दुपारी तास-दीड तास चालल्यावर जोड तापतो आणि त्याचा अडथळा वाढतो. बाहेर 40 अंश, त्यात पिसांनी जाळी बुजलेली, म्हणून दाब चढलेला. सुरू होण्यासाठी मोटरला जास्त जोर लागतो आणि नेमकी तेव्हाच तिची ताकद कमी होते. ही ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 20 टक्क्यांनी पडलं तर ताकद 36 टक्क्यांनी घटते. एकट्या जोडाने एसी बंद पडला नसता, एकट्या पिसांनीही नाही. दोन अर्धे दोष आणि वरून ऊन, तिन्ही एकत्र आले की चकती सुटायची. काकांनी 4 स्क्वेअर एमएमची अखंड तार ओढली, टोकांना लग्ज बसवले, जाळी पाण्याने धुतली. कॉम्प्रेसर तोच राहिला.

थंड देशांतल्या हीट पंपाचं दुखणंही याच जातीचं. तिथे बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो आणि तो वितळवायला यंत्र काही मिनिटं उलट चालतं. घरात गरम हवा थांबते, बाहेर वाफ निघते आणि मालक कॉम्प्रेसर बिघडला समजून घाबरतो. खरा दोष कुठला आणि यंत्राची नेहमीची वागणूक कुठली, हे तिथेही यंत्रापाशी थांबल्याशिवाय कळत नाही.

पण थांबायला परवडतं कुणाला? मला काळजी वाटते ती इथे. तपासणीचे पैसे फेरीमागे मिळतात, तासामागे नाही. काकांनी त्या घरात अख्खी दुपार घालवली; तेवढ्यात तरुण मेकॅनिक चार सर्व्हिसिंग उरकतो. मार्च ते जूनमध्ये वर्षाची कमाई करायची असते. कॉम्प्रेसर बदलला की मजुरी मिळते, सुट्या भागात मार्जिन मिळतं. जोड शोधला की आभार मिळतात. त्यामुळे चांगले कॉम्प्रेसर भंगारात जातात, आणि मला तर हे उघडं नुकसान वाटतं, घरमालकाचंही आणि देशाचंही.

गॅसचंही तसंच. दोष कळला नाही की गॅस बदलायचा, ही सवय पडली आहे. जुना गॅस बहुतेक वेळा हवेतच सोडला जातो. वजनाला वजन धरलं तर आर-410ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2088 पट उष्णता अडवतो, आर-22 साधारण 1810 पट. नवा आर-32 त्या मानाने सौम्य, 675 पट. पण तो पेट घेऊ शकतो. बंद खोलीत, टॉर्च पेटवून ब्रेझिंग करणाऱ्या पोराला हे कुणी शिकवलेलं असतंच असं नाही. आणि ते पोरगं उभं कुठे असतं? नव्या इमारतींत आउटडोअर बाहेरच्या भिंतीवर दोन ब्रॅकेटवर टांगलेला असतो. पाय ठेवायला जागा नाही, पट्टा अडकवायला हुक नाही. चकती कधी सुटते ते बघायला तिथे तासभर बसणं अशक्यच. काका आता चौथ्या मजल्याच्या वर, गॅलरी नसेल तर, काम घेत नाहीत.

त्यात इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टर एसी वीज वाचवतो, हळू सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीचा करंटचा झटका नाही. यंत्र म्हणून तो सरस आहे यात शंका नाही. त्याच्या कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांत सारखाच रेझिस्टन्स येतो. निर्णय घेतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, म्हणजे पीसीबी. आधी विजेचं 300 व्होल्टच्या वर डीसी होतं, मग त्यातून मोटरला लागेल तशी वीज घडवली जाते. बोर्डवरचा एखादा टाका तापल्यावर सुटतो, पॉवर मॉड्यूलखालची पेस्ट वाळते, कधी पाल शिरून शॉर्ट होतं. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो, पण त्या कोडचा तक्ता मिळवायला बाहेरच्या मेकॅनिकला व्हॉट्सअॅपवर विनवण्या कराव्या लागतात. दोष कुठल्या क्षणी आला, तेव्हा व्होल्टेज किती होतं, याची नोंद बोर्डाला सहज ठेवता येईल. ती कुठल्याही मेकॅनिकला वाचता आली पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय.

काकांकडे सध्या अशीच एक केस अडकली आहे. इन्व्हर्टर एसी, फक्त रात्री साडेनऊच्या सुमारास बंद पडतो, तोही रोज नाही. दोन बोर्ड बदलून झालेत, ते काकांच्या आधी. त्यांनी घरातल्यांना वही करायला सांगितली: वेळ, दिवा किती वेळा लुकलुकला, तेव्हा फ्रिजचा आवाज बदलला का, दिवे जास्त प्रखर झाले का. वहीत दोनदा ‘ट्यूब जास्त उजळली’ अशी नोंद आहे. त्यावरून त्यांचा संशय खालच्या मीटर-रूममधल्या ढिल्या न्यूट्रलवर गेलाय. रात्री शेजारच्या घरांतला लोड बदलतो तसं या घरातलं व्होल्टेज वरखाली होत असणार. तसं असेल तर धोका फक्त एसीला नाही, जिन्यातल्या सगळ्याच घरांना आहे. सोसायटीने वीज कंपनीकडे अर्ज दिलाय. कंपनीचा माणूस येईल तेव्हा रात्री साडेनऊलाच या, असं त्यात काकांनी मुद्दाम लिहायला लावलं. तोवर तिसरा बोर्ड मागवू नका, असं त्यांनी घरमालकांना बजावलंय.