जांभळी कुपी, पिवळी कुपी

पानपिंपळीचा वेल काळा पडायला लागला की अंजनगाव सुर्जीचा शेतकरी दोन-चार पानं खुडून कुणा जाणत्याला दाखवतो. अशी पानं महाविद्यालयाच्या आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतही येतात. त्यांचे तुकडे माध्यमावर ठेवले की दोन-तीन दिवसांत काहीतरी उगवतंच. ते वेलावरून आलं की माध्यमात आधीपासूनच होतं? कोपऱ्यातल्या उभ्या ऑटोक्लेव्हने त्याचं काम नीट केलं असेल, तरच याचं खरं उत्तर देता येतं.

हे यंत्र शार्ल शांबरलाँ या पाश्चरच्या सहकाऱ्याने 1879 मध्ये घडवलं. जंतू मरतात ते दाबाने नाही, ओल्या उष्णतेने. दाब फक्त वाफेला शंभराच्या वर नेण्यासाठी. 15 पौंड दाब म्हणजे 121 अंश, हे विद्यार्थी पाठ करून येतात. ते खरं आहे, पण आतली सगळी हवा बाहेर गेली असेल तरच. अर्धी हवा आत राहिली तर त्याच 15 पौंडांवर तापमान 112 च्या आसपास राहतं. हवा अजिबात काढली नाही तर 100 वर. तिन्ही वेळा काटा मात्र एकाच आकड्यावर उभा असतो. आणि इथून सातपुडा चढून चिखलदऱ्याला गेलं, तर हजार मीटरहून जास्त उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी. तिथे 15 पौंडांवरही 121 पूर्ण गाठलं जात नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात झाकण लावण्याआधीच होते. पाणी हीटरच्या कॉइलवर हवं, आणि ते ऊर्ध्वपातित हवं. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं तर कॉइलवर क्षारांचा थर चढतो. रबरी गॅस्केटवरून बोट फिरवायचं, चीर लागते का पाहायचं. मग हवेची तोटी उघडी ठेवून वाट पाहायची. आधी फुसफुस येते, मग वाफेची सलग धार. ती धार काही मिनिटं तशीच वाहू द्यायची आणि मग तोटी बंद करायची. घाई होते ती नेमकी इथेच. घड्याळ लावायचं ते 121 अंश गाठल्यावर. मध्येच वीज गेली, तर आधीची मिनिटं धरायची नाहीत. एक लिटरच्या फ्लास्कमधलं माध्यम बाहेरच्या वाफेच्या बरंच मागे राहतं, त्याला जादा वेळ द्यावाच लागतो.

पुडक्यांवरच्या टेपचे पट्टे काळे झाले की आमचे परिचर भाऊ विचारतात, "मॅडम, पट्टे काये झाले, आता काहाले पाहाचं?" प्रश्न रास्त आहे. टेप सांगते की हे पुडकं तापलं. पुडक्याच्या पोटात किती तापलं, किती वेळ तापलं, हे तिला सांगता येत नाही.

ते सांगतो एक जिवाणू, जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस. त्याचे बीजाणू ओल्या उष्णतेपुढे इतके चिवट असतात की ते मेले तर बाकीचे वाचण्याची शक्यता उरत नाही. जांभळ्या द्रवाच्या छोट्या काचेच्या कुपीत ते बंद करून मिळतात. कुपी ठेवायची ती वाफेला सर्वांत अवघड अशा जागी: भरगच्च लोडच्या मध्यावर आणि तळाच्या पुडक्यात. रिकामा ऑटोक्लेव्ह तपासण्यात काही अर्थ नाही. बाहेर काढल्यावर कुपी थंड होऊ द्यायची, गरम असताना ती फुटू शकते. मग 55 ते 60 अंशांवर एक-दोन दिवस. नेहमीचा 37 अंशांचा इन्क्युबेटर इथे निरुपयोगी, कारण या जिवाणूला वाढायलाच तेवढी उष्णता लागते. द्रव पिवळा झाला तर बीजाणू जिवंत राहिले. जांभळाच राहिला तर मेले.

पण ते ऑटोक्लेव्हमध्येच मेले, हे कशावरून? त्याच खोक्यातली एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता शेजारी उबवायची. ही कंट्रोलची कुपी पिवळी झालीच पाहिजे. तीही जांभळीच राहिली, तर कुपीतले बीजाणू आधीच मेलेले होते आणि सगळी तपासणी फुकट. आमच्याकडे उलटाही धोका आहे. मे महिन्यात वऱ्हाडात पारा 45 च्या पुढे जातो. त्या उन्हात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेल्या कुपीत ही उष्णताप्रिय जात वाटेतच उगवू शकते. खोकं हातात आलं की आधी रंग पाहायचा आणि मग फ्रिजमध्ये ठेवायचं. पैसे वाचवायला कंट्रोलची कुपी वगळली जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय, आणि मला ते अजिबात पटत नाही.

निर्जंतुकतेचा वाद किती लांबू शकतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर 19 माणसं धनुर्वाताने दगावली. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत बनलेली होती. बाटली परळला दूषित झाली की गावात उघडताना, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ती लस शोधून काढणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचं पद गेलं, आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला तो 1907 मध्ये, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर. पुढे 1925 मध्ये त्याच संस्थेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं.

रुग्णालयाच्या कचऱ्यासाठी 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी साध्या ऑटोक्लेव्हला 121 अंशांवर किमान 60 मिनिटं ठरवून दिली आहेत, बीजाणू-चाचणी आणि तिची नोंदही सक्तीची केली आहे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी तितकी कडक शिस्त स्वतःहून लावून घ्यावी. माझ्या व्यवसायातल्या मित्रांना एवढंच सांगणं आहे: नोंदवहीत "पास" लिहिण्याआधी कंट्रोलच्या कुपीसाठी वेगळा रकाना आखा, आणि तो रिकामा असेल तर सही करू नका.